पालथे ताट

भरल्या पंगतीतून उठून जाणारा मनुष्य आपल्याकडे रुसलेला तरी समजला जातो, नाही तर दुखावलेला तरी. आमचे पाळकबाबा यांपैकी काहीच नव्हते. तरीही प्रत्येक महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधील मेजावरचे पांढरे वस्त्र उचलण्याची वेळ आली, की ते शेवटच्या बाकावरून उठत, दाराशी काढलेल्या चपला हातात घेऊन आवाज न करता पायऱ्या उतरत, आणि कुंपणालगतच्या कडुनिंबाखाली सिमेंटच्या कट्ट्यावर येऊन बसत. आत त्यांच्या मंडळीचे प्रभुभोजन सुरू होई. पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट हातोहात फिरे. ज्यांनी धुळ्याच्या चर्चमध्ये तीस वर्षे ते भोजन आपल्या हाताने लोकांना वाटले, ते सेवानिवृत्तीनंतर जळगावच्या या लहानशा चर्चमध्ये त्याच भोजनाकडे पाठ करून बसत, आणि आतले शेवटचे गीत संपल्यावर सर्वांशी हसून बोलत घरी जात.

आमचे घर त्या चर्चच्या बरोबर समोर. मी शाळेत संस्कृत शिकवून नुकताच निवृत्त झालो होतो. रविवारी पूजा आटोपून ओसरीवर बसलो, की हा प्रकार नजरेस पडे. चर्चचा शिपाई दानियल मोठा बोलका होता. एकदा त्याने त्यांना माझ्यादेखत विचारले, "बाबा, वाढलं की उठायचं, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय?"

"जुन्या शास्त्रात आहे, दानियल," ते म्हणाले. "तू घंटा वेळेवर वाजवत जा. ते नव्या शास्त्रात आहे."

दानियल हसला. मीही हसलो. त्या उत्तरातील पहिले वाक्य अक्षरशः खरे होते, हे कळायला मला पुढे वर्ष लागले.

१९८४ च्या सुमारास एका मंगळवारी दुपारी ते खांद्याला कापडी पिशवी अडकवून आमच्या दारी आले. उंच, किंचित वाकलेले, पांढरे धोतर, त्यावर काळा कोट, आणि डोळ्यांवर जाड काचा. म्हणाले, "शास्त्रीबुवा, मला तीन शब्द हवे आहेत. बदल्यात देण्यासारखं माझ्याकडे फक्त शेंगदाणे आणि गूळ आहे." त्यांनी खरोखरच पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चार शतकांत प्रभुभोजन कसकसे होत असे, त्याचा इतिहास ते मराठीत लिहीत होते. धुळ्याचा एक परदेशी मिशनरी मायदेशी परतताना पुस्तकांचे कपाट त्यांच्याकडे सोडून गेला होता. त्या कपाटाला वाळवी लागली होती. "वाळवीनं पहिलं शतक जवळजवळ संपवलंय," ते म्हणाले, "तेव्हा माझा इतिहास दुसऱ्यापासून जरा बरा होईल." इंग्रजी भाषांतरांवरून भिंग फिरवीत ते वाचत, आणि टिपणे काढत ती जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. त्यामुळे त्यांच्या हस्तलिखिताच्या एका बाजूस पुरातन मंडळीचे विधी असत आणि दुसऱ्या बाजूस 'आमच्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं'.

मंगळवारची दुपार मग आमची ठरून गेली. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'आभार मानणे' असा होतो, हे त्यांच्याकडूनच मला कळले. त्यांच्या समाजात त्यासाठी 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ होता. मी त्याची चिकित्सा करू लागलो, तेव्हा त्यांनी मला थांबविले. "तो राहू द्या. म्हाताऱ्या बाया तो शब्द म्हणत म्हणत मेल्या आहेत. आता तो शुद्धच आहे." शब्दाच्या शुद्धतेची ही कसोटी मला पाठशाळेत कोणी शिकविली नव्हती.

इतिहास सांगताना त्यांची एक लकब होती. सतरा-अठरा शतकांपूर्वीची गोष्ट ते काल आपल्या आळीत घडल्यासारखी सांगत, आणि तिच्यात कोणी उपाशी राहिला असेल तर त्यांना खरोखर वाईट वाटे. "आरंभी ते जेवणच होतं, शास्त्रीबुवा. घराघरांत, सांजवेळी. पाव बेकरीतून यायचा नाही, ज्याच्या त्याच्या घरून यायचा. पण सावकार लवकर येऊन पोटभर जेवून घेत, आणि बंदरावरचा हमाल काम सुटल्यावर पोहोचायचा तोवर भांडी रिकामी. पुढे जेवण वेगळं काढलं आणि विधीपुरता घास ठेवला. तंटा मिटला. पण जेवण गेलं ते गेलंच." मग ते शेंगदाण्यांची पुडी पुढे सरकवीत. "हे घ्या. हे आपलं दोघांचं. याला कोणत्याही धर्मसभेची मनाई नाही."

एके दिवशी त्या काळचे लोक पावाचा तुकडा हातावर कसा घेत, ते त्यांनी मला करून दाखविले. डाव्या तळहाताचे आसन करायचे, त्यावर उजवा तळहात किंचित खोलगट ठेवायचा, आणि एक कणही खाली पडू द्यायचा नाही. मी चटकन म्हणालो, "आम्ही तीर्थ असेच घेतो. म्हणजे आमचा प्रसाद आणि तुमचे प्रभुभोजन तत्त्वतः एकच म्हणायचे." मला वाटले, मी मोठा उदार विचार मांडला आहे.

त्यांनी हात खाली घेतले. "नाही, शास्त्रीबुवा. सारखं दिसतं म्हणून एक म्हणू नका. तुमच्या प्रसादासाठी तुमच्या आईनं उपास केले असतील. आमच्या घासासाठी माणसं तुरुंगात गेली. एक म्हटलं की दोघांचीही किंमत कमी होते. आपण शेजारी आहोत तेवढं पुरे आहे. शेजारी असणं काही लहान गोष्ट नाही."

शेजारधर्माच्या बाबतीत मात्र माझे घर त्या दिवसांत उणे पडत होते, आणि हे लिहिल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. माझी पत्नी सुमती सोवळ्याओवळ्याची कडक होती. पाळकबाबांना चहा ती देई, अगत्याने देई, परंतु एका निराळ्या कपातून. त्याचा कान तुटलेला होता. मी ते पाहत होतो आणि पाहिले नाही असे करीत होतो. पाळकबाबांना ते पहिल्याच दिवशी उमगले असावे. चहा झाला की ते स्वतः अंगणातल्या नळावर कप विसळत आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घालून ठेवीत. तो तिथेच पुढल्या मंगळवारपर्यंत राही. वर्षभर हे चालले. त्यांनी ना कधी टोमणा मारला, ना चहा नाकारला.

त्यांच्या लिखाणातील एका प्रकरणापाशी मात्र ते पुनःपुन्हा येऊन अडत. पुरातन काळी आतले भोजन झाले, की मंडळीचे सेवक तुकडे घेऊन बाहेर पडत आणि जे येऊ शकले नाहीत त्यांना पोहोचवीत. आजाऱ्याला त्याच्या अंथरुणावर, कैद्याला त्याच्या कोठडीत. "गैरहजर असणं निराळं आणि बाहेरचा असणं निराळं," हे वाक्य ते वारंवार म्हणत. "तो तुकडा एवढंच सांगायला जायचा, की बाबा, तू आला नाहीस, पण तू आतलाच आहेस." मरणाच्या दारी असलेल्या मनुष्याला जो घास देत, त्यालाही तेव्हा एक स्वतंत्र नाव होते; प्रवासाला निघणाऱ्याबरोबर द्यायचे अन्न, असा त्याचा भाव. त्यासाठी त्यांना शब्द हवा होता. मी 'पाथेय' सुचविला. त्यांनी तो लिहून घेतला, पत्रिका उलटसुलट केली आणि म्हणाले, "चांगला आहे. पण आमच्या अक्काला कळेल असा काही आहे का?"

"शिदोरी म्हणा," मी म्हणालो. "अक्का वाचतात का तुमचे लिखाण?"

"नाही," ते म्हणाले. "आता नाही." आणि त्यांनी 'पाथेय' खोडून 'शिदोरी' लिहिले.

अक्का कोण, हे त्यांनी मला पुढच्या वैशाखात सांगितले. पहिला रविवार होता. आत प्रभुभोजन चालू होते आणि ते कडुनिंबाखाली एकटेच बसले होते. ऊन असे होते की रस्त्यावर कुत्रेही नव्हते. मी तांब्याभर पाणी घेऊन गेलो. ते पाणी प्यायले आणि मी काही न विचारता बोलू लागले.

त्यांचे मूळ गाव धुळ्याजवळचे. आई गेली तेव्हा ते चार वर्षांचे होते आणि थोरली बहीण बारा वर्षांची. तिने त्यांना वाढविले, न्हाऊ घातले, शाळेत बसविले. पुढे ती परिचारिका झाली आणि रावेरच्या दवाखान्यात नोकरीला लागली. भाऊ धुळ्यात मंडळीचा पाळक झाला, त्यानंतर वर्षभरात, पस्तिशीला आलेल्या अक्काने रावेरच्या एका विधुर शेतकऱ्याशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. नवरा केळी लावणारा, हिंदू, भला मनुष्य. त्याने तिला प्रार्थनेस जाण्यापासून कधी अडविले नाही. मुलगी झाली तिचा बाप्तिस्माही होऊ दिला. पण मंडळीबाहेर आणि मंडळीच्या विधीवाचून झालेले लग्न त्या वेळच्या नियमांत बसत नव्हते. अशा माणसाला शिस्तीखाली ठेवीत. त्याने उपासनेस यावे, परंतु भोजनास हात लावू नये.

"पंच म्हणाले, बाबा, तुमची बहीण आहे, सबुरीनं घ्या. मी सत्तावीस वर्षांचा होतो. मी म्हणालो, माझी बहीण आहे म्हणूनच सबुरी नको. लोक म्हणतील, पाळकानं घरचं माणूस वाचवलं. ठरावावर पहिली सही मी केली."

परत घेण्याची अट अशी होती, की केलेले लग्न पाप होते असे तिने लिहून द्यावे. अक्का लिहून देईना. ती नाताळला धुळ्यास येई, शेवटच्या बाकावर बसे, आणि मेजावरचे वस्त्र उचलण्यापूर्वी उठून बाहेर जाई. एका नाताळात त्यांनी तिला अंगणात गाठून विनविले, अक्का, दोन ओळी लिही, संपव हे. ती आपल्या अहिराणीत म्हणाली, "मनी पोर शे ती, भाऊ. तिले पाप कशी म्हनू?" नंतर तिने वाद घातला नाही. वर्षातून एक पोस्टकार्ड मात्र येई. पीकपाणी, मुलीचा अभ्यास, भावाच्या खोकल्याची चौकशी, आणि शेवटी नेमाने एक ओळ: 'भाऊ, मनं ताट आजून पालथंच शे का?'

"अशी किती पत्रं आली?" मी विचारले.

"मोजली नाहीत. वाचायचो आणि बायबलात ठेवायचो. बायबल मिटेनासं झालं, तेव्हा कळलं की फार झाली आहेत."

सेवानिवृत्तीला तीनएक वर्षे उरली होती तेव्हा अक्का अंथरुणाला खिळली. त्यांनी पंचांना गोळा केले, अट काढून टाकायला लावली, तिला पुन्हा भोजनास घेण्याचा ठराव करून घेतला. मुलीने रावेरहून माणूस धाडला: आईचे काही खरे नाही, लगेच या. तो दिवस बुधवार होता.

"माणूस म्हणाला, आत्ताच निघा. मी म्हणालो, रविवार चार दिवसांवर आला आहे. सगळ्या मंडळीसमोर तिचं नाव वाचीन, मेजावरचा तुकडा घेईन, आणि तोच घेऊन येतो. सत्तावीस वर्षांनी द्यायचं ते रीतीनं द्यावं, असं मला वाटलं. तिचा मान म्हणून वाटलं, शास्त्रीबुवा. माझा हट्ट म्हणून नाही. निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं."

रविवारी त्यांनी तिचे नाव वाचले. लोक रडले. तुकडा स्वच्छ रुमालात बांधून ते दुपारच्या एस.टी.ने निघाले, जळगावला गाडी बदलली, आणि दिवेलागणीला रावेरात उतरले. अक्का त्याच दुपारी गेली होती.

"तुकडा तिच्या ओठांना लावावा असं फार वाटलं. पण मृताच्या मुखात तो घालायला जुन्या धर्मसभांनी मनाई केली आहे, एवढं मला पूर्वीपासून ठाऊक होतं. घ्या आणि खा असं जिवंत माणसाला सांगता येतं. मेलेल्याला कसं सांगणार? परत आणून टाकूनही देता येईना. येताना सावद्याच्या पुढे, केळीच्या ट्रकांमागे गाडी अडली होती तेव्हा, मी तो खाल्ला. तिचा वाटा मी खाल्ला, शास्त्रीबुवा. आता माझा म्हणून वेगळा कुठून मागू?"

आत शेवटचे गीत सुरू झाले होते. पुढचे त्यांनी घाईने सांगितले. मिशनरीचे कपाट त्यांनी उघडले ते त्यानंतर. जुन्या मंडळीने अशा प्रसंगी काय केले असते, एवढेच त्यांना पाहायचे होते. आणि पुस्तकात त्यांना सापडले, की ज्यांना भोजनापासून दूर ठेवले होते त्यांच्यासाठीही त्या कडक लोकांनी एक दार उघडे ठेवले होते. मनुष्य मरणोन्मुख असेल तर ना मुदत पाहायची, ना वार. शिदोरी तत्काळ पोहोचवायची. स्वतः जाता आले नाही तर घरच्या कोणाच्या हाती द्यायची. कोरडा घास गिळवत नसेल तर भिजवून द्यायचा. "सगळं लिहिलेलं होतं. माझ्याच खोलीत, त्या कपाटात. मी वाचलं नव्हतं."

त्याच पुस्तकांतून त्यांनी स्वतःसाठी एक शिक्षाही शोधून काढली होती. प्रायश्चित्त घेणाऱ्यांच्या तेव्हा चार पायऱ्या असत: दाराबाहेर रडणारे, आत मागे उभे राहून ऐकणारे, गुडघे टेकणारे, आणि शेवटी सर्वांबरोबर उभे राहूनही न खाणारे. "मी दुसऱ्या पायरीवर आहे. ऐकायचं आणि उठायचं." मी विचारले, मुदत किती? ते म्हणाले, "मुदत पाळक ठरवायचे. इथे अपराधी आणि पाळक एकच माणूस आहे. अडचण तिथे आहे."

मी म्हणालो, "मरणोन्मुखाला मुदत नसते, हे आपणच लिहिले आहे."

"मी कुठे मरतोय?" ते म्हणाले, आणि पुडी काढली.

त्या सायंकाळी मी हे सर्व सुमतीला सांगितले. मंगळवारी चहा आला तो आमच्या नेहमीच्या कपांतून, दोघांनाही. पाळकबाबांनी चहा घेतला, सवयीने उठून कप विसळला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला. सुमती बाहेर आली, तिने तो उचलला, पदराने पुसला आणि आत नेऊन इतर कपांच्या ओळीत ठेवला. पाळकबाबा कितीतरी वेळ हातातल्या पत्रिकेकडे पाहत राहिले. त्या दिवशी आमचे एका ओळीचेही काम झाले नाही.

ते राहत असत ते रिबकाच्या घरी. ही अक्काची मुलगी. जळगावात शाळेवर शिक्षिका होती. ज्या बाईला त्यांनी पंगतीबाहेर ठेवले तिच्याच लेकीने म्हातारपणी त्यांना घरात घेतले, आणि त्याचा उच्चार तिने कधी केला नाही. जीभ मात्र तिला आईची होती. दर महिन्याला चर्चला निघताना ती म्हणे, "मामा, आईच्या बाकावर बसून आईला काय मिळतं? तिला तर तुमचं घोरणंही सहन व्हायचं नाही." ते हसत. पण बाक त्यांनी सोडला नाही.

अशी आठेक वर्षे गेली. हस्तलिखिताची सात प्रकरणे झाली. आठव्याच्या मध्यावर असताना, मार्गशीर्षातल्या थंडीत, त्यांच्या छातीत पाणी झाले. डॉक्टरांनी रिबकाला बाजूला घेऊन जे सांगायचे ते सांगितले. चर्चचे नवे तरुण पाळक दोनदा घरी आले आणि घरीच प्रभुभोजन देतो म्हणाले. दोन्ही वेळा बाबांनी मान हलविली. "माझी मुदत संपलेली नाही," म्हणाले.

मंगळवारी सायंकाळी मी शिदोरीचे प्रकरण उचलून त्या तरुण पाळकांकडे गेलो. म्हणालो, "मी आपल्या धर्माचा नाही, सांगण्याचा मला अधिकार नाही. पण हे एवढे वाचा." त्यांनी उभ्यानेच वाचले. आपण घरी जाऊन द्यायला निघालो होतो, तिथेच चूक झाली, असे ते म्हणाले. मेज मंडळीत मांडले पाहिजे आणि तिथून त्यांचा वाटा गेला पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी जमतील तेवढ्या लोकांना बोलाविले. सातआठ जण आले. मी बाहेर पायरीवर थांबलो होतो. रोग्यापाशी सुमती बसली होती. आतून एका वयस्क पंचाचा आवाज आला, "एवढी घाई कशाची? रविवार चार दिवसांवर आला आहे."

मी त्या उंबरठ्याच्या आत कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी दारातूनच बोललो. "हे वाक्य एकदा धुळ्यात बोलले गेले आहे," एवढेच म्हणालो. आत बसलेल्या रिबकाने मान खाली घातली. त्या वृद्ध पंचाने स्वतःच उठून मेजावरचे वस्त्र बाजूला केले. आडवारी बेकरीचा पाव कोणी आणला नव्हता. दानियलने घरून सकाळची पोळी आणली होती, तीच मोडली.

मी पुढे घरी येऊन पाळकबाबांच्या उशाशी बसलो. थोड्या वेळाने रिबका आली. भर उन्हातून ती दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, वर घडीचा रुमाल घेऊन चालत आली होती. दार तिने कोपराने ढकलले.

"मामा, मंडळीनं पाठवलंय."

त्यांनी डोळे उघडले. "आज वार कोणता?"

"बुधवार."

"रविवारी आण."

"रविवारची वाट आपण एकदा पाहिली, मामा."

त्यांची नजर तिच्या हातातल्या रुमालावर गेली. मग ते म्हणाले, "तुझ्या आईचा वाटा मी खाल्लाय."

"तो तिचा होता. हा तुमचा आहे." तिने रुमाल सोडला. "आईनं तुम्हाला कधी उपाशी ठेवलं होतं का?"

त्यांनी हात पुढे करण्याचा प्रयत्न केला. उजवा हात उचलला गेला, पण डाव्याचे आसन होईना. मी त्यांचा डावा हात माझ्या तळहातावर घेतला आणि त्यावर उजवा ठेवला. त्या क्षणी माझ्या मनात स्पर्शाचा वा धर्माचा काही विचार आला नाही. फक्त कण खाली पडू नये, एवढेच वाटत होते. रिबकाने तुकडा पाण्यात भिजवून त्यांच्या हातावर ठेवला. तो मुखापर्यंत न्यायला त्यांना फार वेळ लागला. आम्ही मदत केली नाही. त्यांनी घास घेतला. डोळ्यांतले पाणी कानशिलांवरून उशीत उतरले. रिबका वाकून आईच्या बोलीत म्हणाली, "ताट सुलटं शे आते, मामा."

शुक्रवारी पहाटे ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना रावेरला नेले आणि अक्काच्या शेजारी ठेवले. हस्तलिखित रिबकाने माझ्या हवाली केले. आठवे प्रकरण अपुरे आहे. ते पुरे करण्याइतके ज्ञान माझ्याजवळ नाही. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालून मी ते माझ्या पोथ्यांच्या शेजारी ठेवले आहे.

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता. सवयीने मी पुडी घेऊन कडुनिंबाखाली जाऊन बसलो. आतले भोजन झाल्यावर तरुण पाळक नावे वाचू लागले. मी कान देऊन ऐकले. ती त्या दिवशी न आलेल्यांची नावे होती. एक पाय मोडलेल्या म्हातारीचे, एक इस्पितळातल्या मुलाचे, आणि शेवटी रिबकाचे, कारण ती अजून रावेरला होती.

दानियल घाईघाईने पायऱ्या उतरून आला. त्याच्या हातात लहानसा पांढरा रुमाल होता, आणि तो त्याने छातीशी धरला होता.

"शास्त्रीबुवा," त्याने विचारले, "रावेरची गाडी किती वाजता हो?"

मी वेळ सांगितली. वेळ थोडा होता. तो भरभर चालत स्थानकाच्या दिशेने गेला. मी कट्ट्यावर एकटाच राहिलो. हातातली पुडी मी उघडली नाही.